सव्वीस टक्के बहिरी

मोहर्ली,
११ मार्च २०२४

प्रिय संघप्रिया,

सप्रेम जयभीम. पोस्टाचं पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तू गेल्या महिन्यात चार वेळा फोन केलास आणि चारही वेळा मी "बरी आहे, बरी आहे" म्हणून ठेवून दिला. मामेबहीण वकील झाली तर ताई भाव खाऊ लागली, असं तुला वाटलं असेल. खरं सांगते, चारही वेळा तू काय बोललीस ते मला कळलंच नाही. मेसेज टाकावा तर घरात फोन एक, तो रीताकडे. आठवीची परीक्षा तोंडावर आहे आणि तिला यातलं काही कळू द्यायचं नाही. म्हणून वहीचं पान फाडलं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात जंगल बंद होतं तेव्हा मला ताप आला. मी गावातल्या दादाजी डॉक्टरांकडे गेले. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात, दारावर पाटी आहे, पण डिग्री कुणी पाहिलेली नाही. आधी ते कुठेतरी कंपाउंडर होते. त्यांनी रोज एक अशी एकवीस इंजेक्शनं दिली. आठव्या दिवसापासून कानात रातकिडे किरकिरू लागले. मी सांगितलं, तर म्हणाले, "कमजोरी आहे बाई, होते असं. कोर्स अर्धा सोडाचा नाई." पुढे चालताना तोल जाऊ लागला तरी सुया चालूच. शेवटची सत्तावीस ऑगस्टला. रातकिडे राहिले, बाकीचं गेलं.

जाड आवाज अजून थोडा कळतो, समोरच्याचे ओठ दिसले तर बोलणंही निभतं. बारीक आवाज पार गेले. कुकर, टिटवी, चितळाचा कॉल. आणि मी कोण, तर सफारीची गाइड! वाघ हलला की चितळ ओरडतं, वानर ओरडतं, ते ऐकून गाडी कुठे न्यायची हे सांगणं, हेच माझं काम.

कसं निभावते? जिप्सीवर ड्रायव्हर लच्छूभाऊ असतात. त्यांना एकट्यालाच माहीत आहे. कॉल ऐकू आला की त्यांची मान ताठ होते. मान बघितली की मी बोट वर करते आणि पर्यटकांना म्हणते, "शांत बसा, कॉल आहे." नागपूरचे एक आजोबा म्हणाले, काय कान आहेत हो तुमचे! रीताच्या बाबांना, देवरावांना, वाटतं की मी मुद्दाम ऐकत नाही. ते कोरपन्याच्या सिमेंट कारखान्यातून महिन्यात एकदा येतात, तेवढे दिवस मी तसंच वाटू देते.

आता विचारायचं ते विचारते. या माणसावर केस होते का? आणि जंगलाच्या गेटवर कुणाला न कळता होते का? कळलं तर माझं गाइडचं कार्ड जाईल. सात वर्षं झाली, त्या कार्डावर माझं घर चालतं, आणि गावात मान आहे तोही त्याच्यामुळे.

तुझी,
ललिताताई


वरोरा,
१९ मार्च २०२४

प्रिय ललिताताई,

जयभीम. पत्र वाचून आधी रडले, मग संताप आला, तुझ्यावरसुद्धा. दोन वर्षं गप्प बसलीस? अगं, कान घालवणाऱ्या असल्या इंजेक्शनांच्या खोक्यावरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की कानाला धोका आहे. कानात आवाज सुरू झाला की बंद करायचं असतं. हे मी कालच एका डॉक्टरांना विचारून घेतलं.

केस होते. चंद्रपूरला ग्राहक आयोगात तक्रार करायची. पण शेवटच्या इंजेक्शनपासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे सत्तावीस ऑगस्टच्या आधी. आणि त्यासाठी हातात दिव्यांगाचा दाखला हवा. चाळीस टक्क्यांच्या वर आला तर सरकारी योजनाही मिळतील. चंद्रपूरला कानाची तपासणी होते, अर्ज मी इथून भरते, तू फक्त आधार कार्ड घेऊन जा. जेवढं ऐकू येतं तेवढंच सांग.

कार्डाची काळजी सोड. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, असा कायदाच आहे. मी कलम पाठ म्हणून दाखवू शकते. तू घाबरतेस ते माहिती नसल्यामुळे. मी आहे ना.

दादाजींना मी इकडून नोटीस पाठवते. बघू काय म्हणतात.

तुझी,
संघप्रिया


मोहर्ली,
८ एप्रिल २०२४

प्रिय वकीलबाई,

जयभीम. तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला मोठे फोन लावले आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करायचं. तपासणारी पोरगी फार चांगली होती. झाल्यावर हसून अंगठा दाखवला. दाखला ऑनलाइन येईल म्हणाली, तूच बघ.

इकडे ऊन मी म्हणतंय. पाणवठ्यावर वाघीण रोज येते, बरोबर तीन पिल्लं, त्यामुळे गाड्यांची नुसती झुंबड. मोहफुलं संपत आली. आम्ही बायका चार जणी मिळून जातो, मी मधे चालते.

दादाजी डॉक्टर घरी आले होते, तुझी नोटीस खिशात घेऊन. बसले, पाणी प्यायले, म्हणाले, "बाई, तुमी मले कोर्टात उभं करता काय? अर्ध्या रात्री तुमच्या पोरीले विंचू चावला तेव्हा कोण आलं होतं?" खरं आहे, तेच आले होते. चहा केला, त्यात साखर टाकायची विसरले. ते तसाच प्यायले.

कार्डाचं तू लिहिलंस त्याने जीव भांड्यात पडला. ते कलम एका कागदावर लिहून पाठव, मी पदराला बांधून ठेवीन.

तुझी,
ललिताताई


वरोरा,
६ मे २०२४

ताई,

दाखला आला. सव्वीस टक्के.

मी तीन वेळा नाव तपासलं, दुसऱ्या कुणाचा आला की काय म्हणून. फोनवर तुला "हॅलो" कळत नाही आणि कागद म्हणतो सव्वीस! चाळीसच्या खाली काही मिळत नाही, म्हणजे योजना गेल्याच. पण ते सोड. दादाजींच्या वकिलाचं नोटिशीला उत्तर आलंय. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, त्यांनी तुला इंजेक्शन दिलंच नाही, तापाच्या गोळ्या दिल्या. दुसरी जशीच्या तशी उतरवते: "तुमच्या अशील या सफारी मार्गदर्शक असून प्राण्यांचे आवाज ओळखणे हेच त्यांचे काम आहे. गेल्या दोन वर्षांत त्यांनी गेटच्या नोंदवहीप्रमाणे चारशेच्या वर फेऱ्या केल्या आहेत. बहिरी व्यक्ती हे कसे करू शकते?"

त्यांना दाखल्याचं अजून माहीत नाही. कळलं की तोही ते आपल्याच तोंडावर मारतील. आपलेच दात, आपलेच ओठ.

मला खरं सांग. त्या काचेच्या खोलीत काय झालं?

संघप्रिया


मोहर्ली,
१४ मे २०२४

प्रिय संघप्रिया,

विचारलंस म्हणून सांगते. रागावू नकोस, म्हणजे रागावलीस तरी चालेल.

आधी बाहेर रांगेत बसले होते. समोरच्या बाकावर आमच्या गेटवरच्या एका जिप्सीवाल्याची आई बसलेली, ऐकण्याचं यंत्र घ्यायला आलेली. म्हटलं, ही गावात जाऊन सांगणार. मग आत बोलावलं. काचेपलीकडे ती पोरगी मशीन फिरवायला बसली. आवाज सोडायच्या आधी तिचा खांदा जरासा पुढे यायचा आणि सोडला की ती माझ्याकडे बघायची. मला फक्त तेवढंच दिसलं. आणि माझं बोट वर गेलं.

पहिल्यांदा गेलं ते आपसूक. शप्पथ. दोन वर्षं मी दुसरं केलंय काय? लच्छूभाऊंची मान हलली की बोट वर. पुढच्या वेळी मी ठरवलं, आता हात मांडीखाली दाबून बसायचं. पण ती पोरगी इतक्या आशेने बघायची गं! शाळेत बाई प्रश्न विचारून बघायच्या तसं. आपल्या घरात आजोबांनी काय शिकवलं? शिकायचं, पास व्हायचं, कुणाला हसू द्यायचं नाही. मला नापास होता येईना. मधे मधे मी चुकवलं, म्हणून सव्वीस तरी आले.

आणि आणखी एक खोटं मनात होतं, तेही लिहून टाकते. मला वाटलं, थोडं बहिरं लिहून आलं तर केसही होईल आणि कार्डही राहील. दोन्ही दगडांवर पाय.

आता बहिरी आहे म्हणावं तर कार्ड जातं, नाही म्हणावं तर तो माणूस सुटतो. तू कलम पाठवलं नाहीस अजून.

ललिताताई


वरोरा,
२५ मे २०२४

ताई,

कलम पाठवलं नाही, कारण मी चुकले.

तो कायदा सरकारी आस्थापनेतल्या नोकरांसाठी आहे. तुम्हा गाइडांना पगार नाही, नेमणूक नाही, फेरीमागे पैसे मिळतात. माझ्या सीनियर वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, भांडता येईल, पण किती वर्षं लागतील ते विचारू नको. मी तुला छातीठोक सांगितलं होतं. पुस्तक वाचलं होतं, तुझ्या कामाची चौकशीच केली नव्हती. मला माफ कर.

रस्ता एकच दिसतो. नागपूरला मोठ्या दवाखान्यात दुसरी तपासणी होते. त्यात बोट वर करायचं नसतं. डोक्याला तारा लावतात, माणूस झोपून राहतो, मशीन आवाज सोडतं आणि मेंदूने ऐकलं की नाही ते स्वतःच लिहून घेतं. तिथे तुझ्या मनात काय आहे याला कुणी विचारत नाही. जो आकडा येईल तो खरा, आणि त्यावर सव्वीसच्या दाखल्याविरुद्ध अपील करता येईल. पण तो आकडा कायमचा. मग तुला गेटवर बहिरी नाही म्हणता येणार नाही.

मला विचारशील तर केस निवड. तो माणूस आजही कुणाला तरी सुई टोचत असेल. पण मी हे वरोऱ्यात पंख्याखाली बसून लिहिते आहे, हेही मला कळतं.

तुझी,
संघप्रिया


मोहर्ली,
२८ जून २०२४

आदरणीय संघप्रिया मावशीस,

रीताचा जयभीम. आईला न सांगता लिहीत आहे.

तुमची सगळी पत्रं मी वाचली आहेत. पोस्टमन काका फाटकातून "ओ बाई, चिठ्ठी" असा आवाज देतात, तो आईला ऐकू येत नाही. त्यामुळे पत्र नेहमी माझ्याच हातात पडतं. मी वाचून, चिकटवून, उंबऱ्याच्या आत ठेवून देते. तिला वाटतं काका तिथे टाकून जातात. तिची पत्रं मी वाचली नाहीत, ती स्वतः डब्यात टाकते.

आई बहिरी झाली हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. मी तिच्या समोर उभी राहूनच बोलते. बाबांना मी सांगितलं नाही, कारण ते मोठ्याने बोलू लागतील आणि सगळ्यांना कळेल.

आता गेटवर गाडी आणि गाइडची जोडी कॉम्प्युटर लावतो. लच्छू आजोबांची गाडी तिला मिळत नाही. परवा नवीन ड्रायव्हर होता, कोलूभाऊ. पाणवठ्याजवळ आईने त्यांना गाडी मागे घ्यायला सांगितली. मागे झुडपात वाघीण गुरगुरत होती, पिल्लं रस्त्याच्या या बाजूला आणि ती त्या बाजूला. गाडीत दोन लहान मुलं होती. कोलूभाऊंनी वेळेवर ब्रेक मारला. नंतर त्यांनी आईला विचारलं, "बाई, तुमाले ऐकू नाई आलं काय?" आई म्हणाली, "आलं ना, म्हणूनच थांब म्हटलं." हे मला कोलूभाऊंच्या पोरीने सांगितलं. आई तेव्हापासून धड जेवली नाही, मला म्हणते उन्हामुळे.

मावशी, तिला सांगा कार्ड देऊन टाक. माझं ती ऐकणार नाही, मला काही माहीत नाही असं तिला वाटतं.

अजून एक. दादाजी डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं नाही म्हणतात ना? त्या रिकाम्या बाटल्या मी तेव्हा मागून घेतल्या होत्या, त्यात गुंजा भरून ठेवायला. चार सापडल्या. दोन बाटल्यांवर नाव वाचता येतं. सोबत पाठवत नाही, फुटतील. कुठे आणून देऊ?

आपली,
रीता


मोहर्ली,
९ जुलै २०२४

प्रिय संघप्रिया,

जयभीम. तू लिहिलेलं पत्र रीताने मला हातात आणून दिलं आणि म्हणाली, "आई, मले सगळं मालूम आहे." समोर उभी राहून, सावकाश, ओठ दाखवून. दोन वर्षं मी तिच्यापासून लपवलं आणि ती माझ्यापासून. कोण जास्त शहाणं, ते विचारू नकोस. तिला जवळ घेऊन मी इतकी रडले की शेजारची मंगली धावत आली.

तू लिहिलंस, कार्ड देऊन टाक, पण ते मी तुझं पत्र यायच्या आधीच दिलं होतं. तीस जूनला जंगल बंद झालं. त्या दिवशी शेवटची फेरी करून कार्ड घेऊन वनखात्याच्या साहेबांच्या टेबलापाशी गेले. सगळे गाइड, सगळे ड्रायव्हर हिशेबाला जमलेले. साहेब मान खाली घालून काहीतरी विचारत होते. मी म्हटलं, "साहेब, मले ऐकू येत नाई. दोन साल झाले. काय पुसता ते लिहून द्या." माझा आवाज फार मोठा निघाला असणार, कारण सगळे वळले.

साहेब भले माणूस आहेत. त्यांनी कागद ओढून लिहिलं, "मग इतक्या फेऱ्या कशा केल्या?" खुलासा पंधरा दिवसांत लेखी मागितलाय. आता बघ माझी गंमत. खरं लिहावं तर लच्छूभाऊंचं नाव येतं, त्यांची गाडी बंद होईल. साठीचा माणूस, माझ्यापायी बुडेल. आणि जे लिहीन ते दादाजींच्या वकिलाच्या हाती लागेल, ते वेगळंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शेवटी मी एकच ओळ लिहून दिली: "डोळ्यांनी पाहून केल्या." लच्छूभाऊ फाटकापाशी उभे होते. त्यांनी पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या आठवड्यात देवरावांनाही सगळं सांगितलं, ते सुट्टी काढून आले, नागपूरला गेलो. तारा लावल्या. तिथल्या बाईंनी खुणेनं सांगितलं, डोळे मिटा. मला डोळे मिटायची भीतीच वाटली. डोळे मिटले की माझ्याकडे राहतं काय? पण मिटले. कुणाची मान बघायची नाही, कुणाचा खांदा बघायचा नाही. मला गाढ झोप लागली गं. इतकी चांगली झोप दोन वर्षांत लागली नव्हती.

अठ्ठावन्न टक्के आले. कागद सोबत जोडला आहे. बाटल्या देवराव कोरपन्याला परत जाताना तुझ्याकडे देऊन जातील.

तुझी,
ललिताताई


वरोरा,
५ ऑगस्ट २०२४

ताई,

कागद मिळाले, बाटल्याही. दोन लेबलं वाचता येतात, तेवढ्याने पुरता पुरावा होत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. अपील केलं आहे. त्याचा निकाल सत्तावीसच्या आत येणार नाही, म्हणून नागपूरचा कागद जोडूनच तक्रार दाखल करते. दादाजींचा वकील गेटवरचा तुझा खुलासा मागवेल, तेव्हा तयार राहा. किती महिने लागतील ते मला माहीत नाही आणि या वेळी मी छातीठोक काही सांगणार नाही.

सोबत नुकसानीचा तक्ता पाठवते. कामाचं उत्पन्न, औषधोपचार, प्रवास, इतर. प्रत्येक ओळीपुढे रक्कम लिही आणि जिथे असेल तिथे पावती जोड. वीस तारखेपर्यंत माझ्या हातात हवा.

तुझी,
संघप्रिया


मोहर्ली,
१७ ऑगस्ट २०२४

प्रिय संघप्रिया,

जयभीम. तक्ता भरून पाठवते आहे. उत्पन्नाची ओळ भरली, गेटवरून फेऱ्यांचा उतारा मिळाला. नागपूरची तिकिटं जोडली. दादाजी कधी पावती देत नसत, म्हणून औषधाची ओळ कोरी आहे.

ते अजून बसतात दवाखान्यात. काल दारात आठ बायका होत्या, ताप आहे गावात. मी मंगलीला म्हटलं, जाऊ नको. ती म्हणाली, "मग कुठी जाऊ बाई? चंद्रपूरले जाईन त रोजी कोण देईन मले?"

‘इतर’ या ओळीत मी चार वेळा लिहून खोडलं, म्हणून तिथे कागद मळला आहे. काय झालं ते सांगते, तू वकिली भाषेत बसव.

कार्ड गेल्यापासून मी सरपण आणते, सात्या, म्हणजे पावसाळी अळंबी, वेचते, त्या वरोऱ्याच्या बाजारात जातात. इथे माणसाने जंगलात कानावर जगायचं असतं. मागून काय आलं ते मला कळत नाही. बायका आधी सोबत नेत होत्या, आता टाळतात. त्यांचंही चुकत नाही. मला हाक मारायची तर सगळ्या जंगलाला ऐकू जाईल इतकं ओरडावं लागतं. म्हणून रीता येते. माझ्या मागे चालते, माझ्या पदराचं टोक हातात धरून. काही ऐकू आलं की ओढते आणि आम्ही दोघी थांबतो.

आधी म्हणाली फक्त रविवारी येईन. मग शनिवार आला. आता मधल्या दिवशीही दप्तर ठेवून देते. मी ओरडले, मारलंसुद्धा एकदा. तर म्हणते, "मारनं असन त मार. तू एकटी जाशील त मले वर्गात बसवते काय?" परवा तिच्या शाळेच्या बाई घरी आल्या, हजेरीपट घेऊन. या महिन्यात तिचे नऊ दिवस गेले. वर्गात पहिली येणारी पोर आहे गं माझी.

तू लिहिलंस, प्रत्येक ओळीला पावती जोड. या नऊ दिवसांची पावती मी कुणाकडून आणू, तेवढं कळव.

तुझी,
ललिताताई